मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये सापडला तर: मुंबईतल्या पालकांनी काय करायचं, कोणत्या क्रमाने

वकील असो, पोलीस असो की डॉक्टर, तिघंही तुम्हाला सगळ्यात आधी एकच विचारणार: मुलाची जन्मतारीख काय? अठरा पूर्ण व्हायला एक दिवस जरी बाकी असला तरी त्याचा पुढचा सगळा रस्ता बदलतो. पुडी तीच, नाका तोच, सोबतचे मित्रही तेच. पण सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि अठरा वर्षं एक महिन्याच्या मुलाला ठेवता येतं. म्हणून तुमच्या घरावर अजून काही आलेलं नसलं आणि नुसता संशय असला, तरी आज एवढं करून ठेवा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणि पालिकेचा जन्मदाखला, या दोन्हींचे फोटो आई-बाबा दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. वयाच्या पुराव्यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये हाच क्रम दिला आहे: आधी शाळेचा किंवा बोर्डाचा कागद, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. या यादीत आधार कार्ड नाही, हे बऱ्याच जणांना ठाण्यात उभं राहिल्यावर कळतं. वय धरतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. केस चालू असताना मुलगा अठराचा झाला म्हणून तो मोठ्यांच्या कोर्टात जात नाही.

मी 'मुलगा' म्हणते आहे ते लिहिण्याच्या सोयीसाठी. मुलींचे पालकही मदत मागायला येतात, फक्त उशिरा येतात, कारण मुलीच्या बाबतीत घरं ही गोष्ट जास्त दिवस झाकून ठेवतात.

फोन आला: पहिली रात्र

आधी फोन खरा आहे का ते बघा. 'नार्कोटिक्समधून बोलतोय, तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, केस नको असेल तर आत्ता पैसे टाका' असे खोटे फोन येतात, मागे कुणीतरी रडतानाचा आवाजही ऐकवतात. घाबरलेल्या आईला तो आवाज आपल्याच मुलाचा वाटतो. बोलणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ठाणं विचारा, फोन ठेवा, मुलाला लावा, मग त्या ठाण्याच्या नंबरवर किंवा ११२ वर स्वतः फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा.

फोन खरा असेल तर मुलगा नक्की कुणाच्या ताब्यात आहे हे विचारा. मुंबईत तीन शक्यता असतात: स्थानिक पोलीस ठाणं, गुन्हे शाखेचा अमली पदार्थ विरोधी कक्ष, किंवा केंद्राची अमली पदार्थ नियंत्रण संस्था, म्हणजे एनसीबी, जिचं कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे. वकिलाला हे सांगितल्याशिवाय तो निघूही शकत नाही. आणि वकील म्हणजे जागेच्या व्यवहारात मदत केलेले ओळखीचे काका नव्हेत. एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा) आणि बाल न्याय मंडळ (अठराच्या आतल्यांच्या केसेस बघणारं), दोन्हीकडे उभा राहिलेला माणूस हवा. खिशात पैसे नसतील तर १५१०० या नंबरवर विधी सेवा प्राधिकरणाकडे मागा. मुलांना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि कोठडीत असलेल्या सज्ञान माणसालाही हा हक्क आहे.

ठाण्यात दोघांनी जा. त्यातला एक तरी आवाज न चढवणारा हवा. मामा, बिल्डिंगमधले चौघे आणि मामाच्या ओळखीचा पक्षाचा कार्यकर्ता असा मोर्चा नेला की मुलाच्या वयाचा मुद्दा बाजूला पडतो आणि सगळी रात्र कोण कुणाला ओळखतो यात जाते. शिवाय त्या चौघांमुळे सकाळी सगळ्या सोसायटीला कळलेलं असतं.

आत गेल्यावर पहिलं वाक्य वयाचं: 'साहेब, मुलगा अठराच्या आत आहे, हा दाखला.' प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. इथून पुढे बाल न्याय कायदा २०१५ लागू होतो. मुलाला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावं लागतं. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, आई-वडिलांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसांसोबत केलेला असेल, तरच एफआयआर; नाहीतर ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सोबत मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल. हे सगळं वाद घालायला वापरू नका. शांतपणे, एकेक करून विचारा: 'बाल कल्याण अधिकारी कोण आहेत? मंडळापुढे कधी नेणार?' नावं आणि वेळा लिहून घ्या. काही अडलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

मुलाला भेटू दिलं की तिथे चौकशी आपण करायची नाही. 'कुणी दिलं, किती दिवस घेतोस, आमच्या तोंडाला काळं का फासलंस' हे आत्ता विचारून तो जे बोलेल ते पोलिसांसमोरच बोलेल. 'जेवलास का? कुणी मारलं का? बाकीचं वकील आल्यावर बोलू' एवढं पुरे. मारलं असेल तर वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना त्याने स्वतः सांगायला हवं, तिथेच ते लिहिलं जातं. तो गर्द किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेत असेल तर हेही डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना सांगा, कारण गोळ्या अचानक बंद झाल्या की काहींना फिट्स येतात.

वडिलांसाठी एक वेगळी सूचना. 'साहेब, चार ठेवून द्या त्याला, म्हणजे अक्कल येईल' हे वाक्य ठाण्यात उच्चारू नका आणि स्वतःही हात उचलू नका. त्या क्षणी त्या खोलीत तुमच्याशिवाय त्याच्या बाजूचं कुणी नाही. तुम्हीच त्याला मारायला सांगितलंत, तर पुढे उपचाराला चल म्हणणाऱ्या माणसावर त्याने विश्वास का ठेवावा?

मग मांडवलीचा विषय निघतो. बाहेरच्या टपरीपाशी कुणीतरी भेटतं आणि आकडा सांगतं. लाच देणं हाही गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही सरळ आरोपी होतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून हा सौदा वाईट आहे. ज्याने एकदा दिले त्याच्याकडे पुन्हा मागतात, आणि मुलाला कळतं की बाबांनी पैसे मोजले की हे मिटतं. तीन महिन्यांनी ते घर पुन्हा त्याच टपरीपाशी उभं असतं.

शेवटचं, त्याच्या फोनला हात लावू नका. चॅट उडवून टाकण्याची घाई बहुतेक वेळा मोठा भाऊ किंवा बहीण करते, भल्यासाठीच करते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नाहीसा केल्याच्या आरोपात स्वतः अडकते. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि यूपीआयवरून गेलेले पैसे तसेही दुसऱ्या बाजूच्या फोनवर आणि बँकेत असतातच. ते पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

किती ग्रॅम? सगळं इथे ठरतं

एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात शिक्षा पदार्थावर आणि वजनावर ठरते. प्रत्येक पदार्थाचं एक 'अल्प प्रमाण' आणि एक 'व्यापारी प्रमाण' ठरवून दिलेलं आहे, आणि या दोन्हींच्या मधला पट्टा आहे. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत, व्यापारी वीस किलोपासून. चरस शंभर ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइन, म्हणजे गर्द, पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. कोकेन दोन आणि शंभर. मुंबईत गेल्या दहा-बारा वर्षांत घराघरांत शिरलेली एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ साली या यादीत आली: अल्प दोन ग्रॅम, व्यापारी पन्नास ग्रॅम.

हे आकडे पालकांना माहीत हवेत ते एका कारणाने. गांजाची पुडी आणि एमडीची पुडी आकाराने सारखी दिसते, पण कायद्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अल्प प्रमाण असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष. मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस. नुसतं सेवन केल्याचं कलम २७ आहे: पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत, किंवा दंड. भेसळीचंही वजन धरतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. म्हणजे तीन ग्रॅम पावडरीत दोन ग्रॅम दुसरंच काही असलं तरी ती तीन ग्रॅम एमडी, आणि मुलगा अल्प प्रमाणाच्या बाहेर. एलएसडीच्या 'पेपर'चं, म्हणजे त्यात भिजवलेल्या कागदी चौकोनांचं, गणित तर आणखी कडक आहे: व्यापारी प्रमाण अवघं ०.१ ग्रॅम, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कागदाचं वजनही त्यात धरायचं म्हटलं आहे. पाकिटात सहज मावणारे काही चौकोन मुलाला दहा वर्षांच्या कलमापर्यंत नेऊ शकतात. पार्टीसाठी चार मित्रांचा माल एकाने खिशात ठेवला, तर ते सगळं वजन त्या एकाचंच. 'माझं नव्हतं, मी फक्त धरलं होतं' हे बहुतेक वेळा खरं असतं आणि बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं.

म्हणून पंचनाम्याची प्रत मिळाली की पदार्थ आणि वजन हे दोन शब्द शोधा. जागेवरच्या किटने केलेली चाचणी प्राथमिक असते. नमुने पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, मुंबईत ती कालिन्याला आहे, आणि तिथल्या अहवालाला वेळ लागतो.

मंडळासमोर

मुंबईत 'डोंगरीला नेलं' म्हटलं की लोकांना तुरुंगच डोळ्यांसमोर येतो. उमरखाडीचं ते निरीक्षणगृह आहे, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवायची जागा. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यातली किमान एक स्त्री. उंच चौथरा आणि साक्षीदाराचा पिंजरा तिथे नसावा असं नियमच सांगतात. बाल न्याय कायद्यातलं मुलाच्या जामिनाचं कलम १२ इतर कायद्यांच्या वर ठेवलेलं आहे. जामीन हा नियम आणि तीनच अपवाद: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, नैतिक किंवा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. हे तीन अपवाद नीट वाचा, कारण वकिलाइतकंच इथे तुमचं घर साक्ष देतं. 'मुलगा सुटला तर राहणार कुठे, दिवसभर त्याच्याकडे कोण बघणार, उपचार कुठे' याचं उत्तर कागदावर तयार ठेवा: रुग्णालयाचा केसपेपर, समुपदेशकाची वेळ, आजी घरी असते तर तिचं नाव.

दोन आठवड्यांत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपास अहवाल करतात. ते घरी येतात, शाळेत विचारतात, शेजारीही विचारू शकतात. पालक या भेटीला लग्नाच्या बघण्यासारखं सजवतात, सगळं छान आहे म्हणतात. तसं करू नका. वडील पितात, घरात मारहाण होते, मुलगा दहावीला दोनदा नापास झालाय, आई दोन पाळ्यांत काम करते, जे असेल ते सांगा. अहवालात अडचण लिहिली गेली तरच मंडळ तिच्यावर काही सुचवू शकतं.

अल्प प्रमाण कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्ह्यात बसतं. ती चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, फार तर दोन महिने वाढ, आणि तरीही संपली नाही तर ती बंद होते. शेवटी समज देणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर पालकांकडे सोपवणं, पालकांनी भरायचा दंड, असे आदेश होतात. कडक आदेश म्हणजे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. खरी काळजी करावी ती सोळा ते अठरा वयाचा मुलगा व्यापारी प्रमाणासह सापडला तर. तेव्हा मंडळ कलम १५ खाली त्याच्या समजेचं प्राथमिक मूल्यमापन करतं आणि प्रकरण बालन्यायालयाकडे, म्हणजे मोठ्यांसारखा खटला चालवू शकणाऱ्या वेगळ्या न्यायालयाकडे, जाऊ शकतं. अशा वेळी मोफत वकील मिळेल तो घ्या, पण एनडीपीएसमधला अनुभवी माणूसही त्याच्या जोडीला शोधा.

एक गोष्ट पालक विसरतात: मुलाला माल देणारा मोठा माणूस स्वतंत्र गुन्हेगार आहे. लहान मुलाला अमली पदार्थ देणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली आणि त्याच्याकडून विक्री किंवा ने-आण करून घेणं कलम ७८ खाली, दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. कोपऱ्यावरचा दादा मुलाच्या हातात पाकीट देऊन 'जरा पोहोचवून ये' म्हणाला असेल, तर मुलगा तिथे आरोपी असण्याआधी वापरलं गेलेलं मूल आहे. हे कधी आणि कसं मांडायचं ते वकिलावर सोडा. त्या दादाच्या घरी जाऊन भांडू नका.

अठरा पूर्ण असतील तर

इथे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक आणि जामिनाचा कायदा, येते. अटकेची कारणं लेखी मागा. नातेवाइकाला कळवणं आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं बंधनकारक आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली एनडीपीएस कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र धरले, म्हणून 'छोटी केस आहे, ठाण्यातूनच सुटेल' या भरवशावर बसू नका, जामिनाचा अर्ज तयार ठेवा. अल्प प्रमाणात तो सहसा अवघड नसतो. व्यापारी प्रमाणात एनडीपीएसचं जामीन अवघड करणारं कलम ३७ आडवं येतं आणि महिनोन्‌महिने जातात. अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आहे. तरी मुलाने घाबरून काहीतरी लिहून दिलं असेल तर पहिल्याच तारखेला न्यायालयाला सांगा.

एनडीपीएसचं कलम ६४अ: उपचाराचं दार

हे वकिलांकडून मुद्दाम विचारून घ्या, कारण सगळे आपणहून सांगत नाहीत. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्या आरोपावर खटला चालत नाही. उपचार अर्धे सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे केंद्र मान्यताप्राप्त आहे याचा कागद आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद, दोन्ही न्यायालयात लागतात. घाईघाईत कुठल्यातरी फार्महाऊसवर भरती केलेल्या मुलाला याचा फायदा मिळत नाही.

पोलीस नाहीत, पण कपाटात पुडी सापडली

ती जपून ठेवू नका आणि कुणाला दाखवायला पर्समध्ये घालून नेऊ नका. तुमच्या पर्समधली पुडी कायद्याच्या लेखी तुमची. मुलगा घरातून विकतोय हे कळूनही चालू दिलं तर एनडीपीएसच्या कलम २५ खाली घर वापरू देणाराही दोषी ठरतो. नोटीस आली असेल किंवा छापा पडला असेल तर मात्र कशालाही हात न लावता आधी वकिलाला फोन.

त्याच्याशी बोलायचं ते तो शुद्धीत असताना, शक्यतो एकट्याने, जेवणानंतर. 'मला कपाटात हे मिळालं. मी आज ओरडणार नाही. तू किती दिवसांपासून काय घेतोस ते मला कळायला हवं, कारण डॉक्टरांना सांगायचंय.' तो खोटं बोलेल. पहिल्या वेळी बहुतेक बोलतातच. खोटं पकडायचा हट्ट सोडा, डॉक्टरांची वेळ घ्या.

लक्षणांवरून अंदाज येतो. एमडी घेणारा दोन-दोन रात्री झोपत नाही, मग दिवसभर उठत नाही. भूक जाते, वजन उतरतं, दात खातो, नाकातून रक्त येतं, कुणीतरी मागावर आहे असं वाटतं. गर्दवाल्याला माल मिळाला नाही की जांभया, नाक गळणं, अंग मोडून येणं, जुलाब. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणारी मुलं सहसा वयाने लहान असतात, कपड्यांना वास येतो, आणि त्यात हृदय थांबून अचानक मृत्यू होऊ शकतो, पहिल्याच वेळी सुद्धा. औषधाच्या दुकानातल्या लघवीच्या पट्ट्यांवर फार विसंबू नका. नेहमी घेणाऱ्याचा गांजा त्यात कित्येक दिवस दिसत राहतो, आणि एमडी साध्या पट्टीत बहुधा पकडलीच जात नाही.

मुलगा उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास अडखळत असेल तर १०८. कुशीवर वळवा. लिंबूपाणी, दूध, तोंडात बोट घालून उलटी, यातलं काहीही नको. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलिसांना कळेल म्हणून घरी थांबणं जिवावर बेततं.

उपचार: कुठे आणि कसे

सुरुवात मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करा: परळचं केईएम, सायन, नायर, जेजे. रांग लांब असते, पण तिथला केसपेपर न्यायालयात वजनदार ठरतो आणि व्यसनाखाली दडलेलं नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आजार) किंवा भास होणं तिथे तपासलं जातं. सोबत १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. संस्थांमध्ये वांद्र्याची कृपा फाउंडेशन १९८१ पासून आणि पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करत आहे. कुठेही फोन केलात की पहिला प्रश्न हा: 'अठराच्या आतल्यांना घेता का, आणि मोठ्यांपासून वेगळं ठेवता का?'

शरीरातून विष उतरायला आठवडा-दहा दिवस लागतात. गर्दचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. पालकांना वाटतं की हे झालं म्हणजे सुटलं. पण खरं काम त्यानंतरच्या महिन्यांचं असतं, आणि याच काळात शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मापाने गर्द घेतला तर जीव जातो. हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा. भीती घालायला नव्हे, त्याला माहीत असायलाच हवं म्हणून.

आता त्या केंद्रांबद्दल, जी 'तुम्ही पत्ता द्या, आमची माणसं रात्री येऊन उचलतील' म्हणतात. थकलेले पालक हो म्हणतात, आणि त्यांचा थकवा मला समजतो. तरी नको. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी जोडलेले आजारही येतात. त्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला भरती करायला पालकाचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यात किमान एक मानसोपचारतज्ज्ञ. भरतीच्या सगळ्या काळात पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने सोबत राहायचं असतं, आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं असतं. साखळीने बांधणं सरळ बेकायदा. 'पहिले दोन महिने भेटायचं नाही, फोन नाही' असं सांगणारं केंद्र हा कायदा मोडत असतं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागा, रात्री डॉक्टर कोण असतो ते विचारा, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर परत फिरा.

नातेवाईक इतरही उपाय सुचवतील. गावाला काकांकडे पाठवा, पंढरपूरला नेऊन माळ घाला, कामाला लावा. माळेने आधार मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. उपचारासोबत असेल तर ती जरूर घाला. गावाला पाठवायच्या आधी मात्र जामिनाच्या अटी वाचा. परवानगीशिवाय मुंबईबाहेर जायचं नाही अशी अट असली तर मुलाला साताऱ्याला पाठवून तुम्हीच त्याचा जामीन घालवाल.

घरात

पैसे, फोन आणि वेळ, या तीन गोष्टींचे नियम दोघांनी मिळून ठरवा आणि ते मोजकेच ठेवा. रोख पैसे हातात नाहीत; क्लासची फी थेट भरायची; दागिने, विशेषतः आजीच्या पाटल्या, बँकेच्या लॉकरमध्ये. हे मुलाला अपमान वाटेल, वाटू द्या. त्याने घेतलेली उधारी तुम्ही फेडायला बसू नका. कर्जाच्या अॅपवाले किंवा माल देणारा धमकावत असेल तर मेसेज जपून वकिलाला दाखवा.

सगळ्यात अवघड असतं आई आणि बाबांनी एकच बोलणं. बाबा नाही म्हणतात आणि आई चोरून पाचशेची नोट देते, हा घरोघरचा प्रकार. तिला दोष देऊन काही होत नाही. रात्री अडीचला त्याच्या तळमळण्यासोबत तीच जागी असते. पालकांच्या स्वमदत गटात दोघांनी जावं, वेगळं वेगळं गेलं तरी चालेल. धाकट्या भावंडालाही त्याच्या वयाला झेपेल इतकं खरं सांगा, नाहीतर बिल्डिंगमधली मुलं सांगतील.

शाळा-कॉलेजला गरजेपुरतंच कळवा, प्राचार्यांना, लेखी नको. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, वर्तमानपत्रालाही. वर्ष वाया जायची वेळ आली तर दहावी-बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करता येतं. उपचार चालू असताना ही सुटी बहुतेक वेळा बरी पडते.

तो पुन्हा घेईल तेव्हा काय करायचं हे तो न घेणाऱ्या दिवसांतच तिघांनी मिळून लिहून ठेवा: कुणाला फोन करायचा, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, त्या रात्री घरात काय बोलायचं नाही. एकदा घसरला म्हणून सगळं केलेलं फुकट जात नाही, पण लपवलं तर मात्र पुढचा आठवडाही हातातून जातो. तारीख जवळ असेल तर वकिलाला कळवा.

केस निकाली निघाली की आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मंडळातल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठली अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायचा आदेश मंडळ देतं. बालन्यायालयाने मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी ठरवलेला सोळा वर्षांवरचा मुलगा हा याला अपवाद. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी द्यायची नाही, हेही कलम ७४ मध्येच आहे. पुढे पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार घरी आला आणि जुना विषय काढला, तर फाइलमधली ती प्रत दाखवा.